मूळ रंग वर्ज्य

४ सप्टेंबर

संध्याकाळी खिडकीजवळची रिकामी खुर्ची काढत बसले होते. रेघ झाली, रंगाला सुरुवात केली आणि उजेड उतरू लागला. दिवा लावला तर बैठकीवरची तिरीप जाईल, म्हणून तसंच पुढे रेटलं. खुर्चीखालच्या अंधारासाठी जवळजवळ काळी दिसणारी पेन्सिल उचलली, बैठकीवरच्या उजेडासाठी एक फिकट राखाडी. सात-आठ मिनिटांत हात थांबला. मग दिवा लावला.

खुर्चीखाली लालभडक रंग पसरलेला आणि बैठक मोरपिशी! काळी समजून घेतलेली पेन्सिल लाल निघाली, राखाडी समजून घेतलेली निळी-हिरवी. आधी पान फाडायला निघाले होते. मग वही टेबलावर उभी करून चार पावलं मागे गेले आणि पाहतच राहिले. गेली सात वर्षं मी खुर्ची तपकिरी, भिंत पिवळसर, सावली करडी अशी इमानेइतबारे नोंद करत आले आहे. त्यातल्या एकाही पानावर अशी संध्याकाळ उतरलेली नाही.

५ सप्टेंबर

कालच्या चुकीमागे डोळ्याचीच करणी आहे. भरपूर उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे पोपटी-पिवळ्या प्रकाशाला सर्वात जास्त दाद देतो. अंधार पडला की पडद्यावरच्या वेगळ्या पेशी काम हाती घेतात आणि तो बिंदू ५०७ च्या आसपास, निळसर हिरव्याकडे सरकतो. त्यामुळे लाल काळवंडतो आणि निळे-हिरवे उजळ वाटतात. पुर्किन्ये या शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हे लिहून ठेवलं. या सरकण्याला आजही त्याचंच नाव आहे.

म्हणजे काल मी रंग निवडलेच नव्हते. गडद आणि उजळ एवढंच निवडलं होतं, रंग आपोआप आले. हे डोक्यातून जात नाहीये.

मग ठरवलं. नवी वही, ए-५ आकाराची, २०० जीएसएम कागदाची, चाळीस पानं. नियम एकच: वस्तूचा स्वतःचा रंग त्या वस्तूला द्यायचा नाही. रागात एखादा स्वर वर्ज्य असतो तसा मूळ रंग वर्ज्य. पान हिरवं नाही, आकाश निळं नाही, कातडी गव्हाळ नाही. सामान थोडंच: गॉशच्या, म्हणजे पाण्यात कालवायच्या अपारदर्शक रंगाच्या, सहा ट्यूब, बारा मेणाचे खडू, एक तपकिरी शाईचं पेन.

एक वेगळी चाचणीही आजच लावली. सगळ्या रंगांचे पट्टे एका कागदावर ओढले, अर्ध्या पट्ट्यांवर जाड पुठ्ठा चिकटवला आणि कागद खिडकीच्या काचेला लावला. कोण टिकतं ते महिनाभराने कळेल.

९ सप्टेंबर

पाच पानं झाली. पाचही फसली.

झाड गुलाबी, आकाश नारिंगी, जमीन जांभळी, कुंपण पोपटी. नियम तंतोतंत पाळला आणि हाती आला तो नुसता गलका. सगळेच रंग वरच्या पट्टीत. पाहणाऱ्याने कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि खरं सांगायचं तर काढतानाही कळत नव्हतं. 'वेगळा रंग' एवढ्याच कारणासाठी रंग टाकत होते. पान तीनवरचं जांभळं कुंपण मी नंतर पोपटी केलं, तरी चित्राला काही फरक पडला नाही. ज्या रंगाच्या जागी दुसरा कुठलाही चालतो, तो तिथे कशाला आहे?

शिवाय खडू आधी आणि गॉश नंतर ही घोडचूक दोनदा केली. मेणावर पाणी ठरत नाही, रंगाचे थेंब होऊन घसरतात. आधी गॉश, तो खडखडीत वाळू द्यायचा, मग वरून खडू. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

१० सप्टेंबर

पाच पानांचे फोनवर फोटो काढले आणि रंग काढून टाकले. उरला तो एकसारखा राखाडी चिखल. झाड कुठे संपतं, आकाश कुठे सुरू होतं, पत्ता नाही. मग ४ तारखेच्या पानाचा फोटो तसाच केला. त्यात खुर्ची उभी होती, तिरीप होती, खालचा अंधार होता. लाल भरउजेडातही मोरपिशीपेक्षा गडदच असतो, म्हणून दिवा लावल्यावरही ते पान कोसळलं नव्हतं.

इथेच सगळा उलगडा झाला. रंग कुठलाही घ्या, पण उजळ-गडदाचा हिशोब समोरच्या दृश्याचा ठेवा. गुलाबी झाड कुणालाही पटतं, फक्त त्याची सावलीची बाजू सावलीइतकी गडद हवी.

दुपार पट्टी बनवण्यात घालवली, आणि एवढी कामाची दुपार बऱ्याच दिवसांत गेली नव्हती. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नऊ घरांची करडी शिडी रंगवली. मग प्रत्येक ट्यूबचा आणि खडूचा एकेक चौकोनी तुकडा रंगवून कापला आणि शिडीवरून सरकवत नेला. डोळे अर्धवट मिटायचे. ज्या घरावर तुकड्याची कड विरघळते ते त्याचं घर. पिवळा दुसऱ्या घरात जाऊन बसला, कितीही चढवला तरी खाली यायला तयार नाही. अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, आठव्यात. नारिंगी मी मधला समजत होते, तो चौथ्याच्याही वर निघाला. सर्वात आश्चर्य लाल आणि हिरव्याचं: जन्माचे विरोधी म्हणून ओळखतो, पण माझ्या ट्यूबमधले दोघंही एकाच घरात, सहाव्यात. त्यांच्यामधली कड अर्धवट मिटल्या डोळ्यांना दिसेनाशीच झाली.

गॉश वाळताना घर बदलतो, हेही पट्टी करतानाच नीट ध्यानात आलं. फिकट मिश्रण वाळल्यावर थोडं गडद होतं, गडद मिश्रण थोडं फिकट. तुकडा ओला असताना घर ठरवू नये.

१४ सप्टेंबर

बाबा दुपारी त्याच खुर्चीत डुलकी घेतात. आज त्यांना काढायला बसले. माणसाचा चेहरा आणि मूळ रंग वर्ज्य, याची भीती होती. झाडाचं काही बिघडत नाही. चेहरा चुकला तर आपल्या माणसाचा अपमान केल्यासारखं वाटतं.

धीर आला तो मातीस या फ्रेंच चित्रकारामुळे. १९०५ मध्ये त्याने पत्नीचा चेहरा काढला त्यात कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत एक हिरवी पट्टी आहे. चित्र छोटं आहे, उंची चाळीस सेंटीमीटरच्या आसपास. चेहऱ्याची एक बाजू पिवळसर, दुसरी गुलाबीसर, आणि मधोमध तो हिरवा. छापील प्रत समोर ठेवून परवा अर्धा तास पाहत होते. ती पट्टी उजेड आणि सावलीच्या सीमेवर बरोबर बसवलेली आहे. तिथे एरवी आपण तपकिरी छाया देतो. त्याने छायेची जागा राखली, फक्त तिथे हिरवा बसवला. त्याच साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची आणि त्याच्या सोबत्यांची चित्रं पाहून एका समीक्षकाने त्यांना 'हिंस्र पशू' म्हटलं होतं. मला त्या चेहऱ्यात हिंस्र काहीच दिसत नाही, फार शांतपणे मोजून ठेवलेला रंग दिसतो.

तर बाबा. खिडकी त्यांच्या डावीकडे. उजेडाच्या बाजूला फिका अबोली हात दिला. सावलीची बाजू काय करावी सुचेना. पट्टी घेतली, सावलीचं घर शोधलं, सहावं. सहाव्या घरात माझ्याकडे तिघे: लाल, हिरवा, विटकरी. विटकरी मूळ रंगाच्या फार जवळ, तो बाद. लाल लावला असता तर बाबा चिडलेले दिसले असते, आणि झोपेत त्यांचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे: जबडा सैल, भुवया वर उचललेल्या, काहीतरी ऐकत असल्यासारख्या. हिरवा घेतला. गालाच्या हाडाखाली, नाकपुडीच्या बाजूला, मानेच्या खळग्यात.

हातांपाशी सर्वात जास्त वेळ गेला. उजवा हात पोटावर, डावा खुर्चीच्या हातावरून खाली लोंबलेला. लोंबत्या हाताच्या शिरा फुगलेल्या होत्या. त्या मी नेहमी निळसर काढते, तो निळा वर्ज्य. शेवटी सगळा हात गडद जांभळा करून वाळू दिला आणि शिरांच्या उंचवट्यावर पिवळ्या खडूने अगदी हलकी रेघ ओढली. मेण कागदाच्या दाण्यावर अडखळत गेलं, रेघ तुटक आली. तुटक रेघेमुळे कातडी पातळ वाटली. हे मी ठरवलं नव्हतं, पण पुन्हा हवं तेव्हा करता येईल.

बाबा उठले, वही हातात घेतली. हिरव्याबद्दल काहीच बोलले नाहीत. बराच वेळ बघून म्हणाले, "पाच वाजून गेले होते ना गं? ऊन भिंतीवर चढलं होतं."

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

१५ सप्टेंबर

दोन पानं, दोन्ही निर्जीव. कालची नक्कल करत होते.

१९ सप्टेंबर

आता पानागणिक तीनच रंग. रागाची उपमा आणखी थोडी ताणून पाहिली: एक वादी, ज्याचं पानावर राज्य, एक संवादी, त्याला साथ देणारा, आणि तिसरा क्वचित येणारा, एखाद्याच जागी, पण आल्यावर लक्ष वेधणारा. वादीने पानाची निम्म्याहून जास्त जागा घ्यावी. तिसरा नखाएवढाच.

नखाएवढा रंग कुठे ठेवायचा हे ठरवायलाच आता सर्वात जास्त वेळ लागतो. आज जिन्याच्या पानावर सगळा जिना आमसुली, भिंत डाळिंबी आणि कठड्याच्या टोकावर, जिथे सगळ्यांचे हात लागून लाकूड गुळगुळीत झालंय, तिथे एक पिवळा ठिपका. तो ठिपका झाकला तर चित्र जिन्याचं उरतं. ठेवला तर घरातल्या माणसांचं होतं.

आणखी एक गंमत लक्षात आली. ट्यूबवरची नावं वाचून रंग निवडला की हात ठरावीक वाटेने जातो. आपली नावं मनात घेतली की वाट बदलते. अबोली, मोतिया, चिंतामणी, गुलबक्षी, मोरपिशी, राखी. ही नावं आधी वस्तूची आहेत, मग रंगाची. त्यांना पोत असतो, वास असतो. 'अबोली'त तर न बोलणंच आहे. बाबांच्या गालाला मी तो उगाच दिला नसावा.

२३ सप्टेंबर

राखाडीने मला आज हरवलं आणि मग शिकवलं.

खिडकीतली बाटली काढत होते. मागची भिंत नारिंगी केली आणि बाटलीसाठी काळा-पांढरा मिसळून साधा करडा बनवला. लावला तर तो निळा दिसायला लागला! ब्रश तपासला, पाणी बदललं, पुन्हा लावला. पुन्हा निळा. तोच करडा कोऱ्या कागदावर लावला तर करडाच.

शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग फिका पडतो. त्याने रंग तपासला, तो उत्तम होता. दोष शेजाऱ्यांचा निघाला: काळे धागे निळ्या-जांभळ्यांच्या बाजूला विणले की त्यांचा जोर जायचा. यातून त्याने शेजारच्या रंगांचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो. नारिंगीच्या शेजारचा करडा म्हणून निळ्याकडे सरकतो.

म्हणजे माझ्या वर्ज्य नियमात निळी बाटली निळा न लावता मिळू शकते. मी तशी काढली. ट्यूबमधला निळा एक थेंबही नाही, आणि पानावर निळी बाटली आहे. किती वेळ तिच्याकडे पाहत होते ते सांगता येणार नाही.

त्यानंतर सगळे जुने गोंगाटी रंग आठवले. त्यांच्यात करडा कुठेच नव्हता, म्हणून कुणालाच जागा मिळाली नव्हती. आता करडे ट्यूबमधून घ्यायचे नाहीत, पानावरच्याच दोन विरोधी रंगांतून मिसळायचे. नारिंगी-निळ्याचा करडा, लाल-हिरव्याचा करडा. त्या करड्यात दोघांचंही रक्त असतं, म्हणून तो पानात परका वाटत नाही.

भरतमुनींनी रसांना रंग दिले त्यात करुणाला कपोत दिला, पारव्याचा राखाडी. शाळेत पाठ करताना तो सर्वात फिका वाटला होता. पारव्याच्या मानेवर जांभळी-हिरवी झाक असते, हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

२९ सप्टेंबर

भरतमुनींची यादी घेऊनच दोन दिवस काम केलं: शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र लाल, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा, अद्भुत पिवळा. जिना भयानक करायचा म्हणून काळा केला. तो फक्त काळा जिना झाला. यादी रंगभूमीसाठी आहे, तिथे नट आहे, बोल आहेत, वाद्यं आहेत. माझ्या पानावर रंगाला एकट्याने उभं राहायचंय.

शिवाय याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. फ्रांझ मार्क या जर्मन चित्रकाराने १९१० मध्ये मित्राला लिहिलं की निळा म्हणजे पुरुषतत्त्व, करारी आणि आध्यात्मिक; पिवळा म्हणजे स्त्रीतत्त्व, मृदू आणि आनंदी. त्याचे घोडे निळे आहेत ते यातून. एका यादीत निळा किळस आणतो, दुसरीत देवाजवळ नेतो. कुणाचीच यादी उसनी घेऊन चालणार नाही असं दिसतंय.

व्हॅन गॉगने सप्टेंबर १८८८ मध्ये आर्लमधला रात्रभर उघडा असणारा कॅफे रंगवला आणि भावाला कळवलं की लाल-हिरव्यातून माणसाच्या भयंकर विकारांना वाट द्यायचा प्रयत्न केलाय. लाल म्हणजे भीती असं कोष्टक तिथे नाही. भिंती लाल, छत हिरवं, मधलं बिलियर्डचं टेबल हिरवं, आणि डोळ्याला विसावा नाही. माझ्या पट्टीवर लाल-हिरवा एकाच घरात बसले होते ते आठवलं. उजळपणा सारखा आणि रंग विरोधी असला की मधली कड थरथरते. अस्वस्थपणा त्या थरथरण्यात आहे.

मग जिना पुन्हा काढला. आधी पेनाने कोपऱ्यात एक वाक्य लिहिलं: 'लहानपणी वरचा दिवा गेला की शेवटच्या तीन पायऱ्या मी पळत चढायचे.' खालच्या पायऱ्या करड्या, शांत. शेवटच्या तीनच लाल-हिरव्या, एकाच घरातल्या. त्या हलतात. त्यांच्याकडे पाहताना पोटात तेच होतं.

आता प्रत्येक पानाआधी एक वाक्य. विशेषणं चालणार नाहीत. 'उदास', 'प्रसन्न' लिहिलं की रंगही तसेच गुळगुळीत सुचतात. घडलेलं काहीतरी लिहायचं.

६ ऑक्टोबर

बॉनार हा फ्रेंच चित्रकार खिशातल्या डायरीत पेन्सिलने दृश्य टिपायचा, शेजारी त्या दिवसाची हवा लिहायचा, आणि रंगवायचा नंतर, खोलीत, आठवणीतून. गेला आठवडा मीही तसंच केलं. बाहेर फक्त पेन आणि दोन ओळी; रंग दुसऱ्या दिवशी.

आठवण मूळ रंग आपणच गाळून टाकते, नियमाची आठवण ठेवावी लागत नाही. बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईंच्या छत्रीचा रंग दुसऱ्या दिवशी मला अजिबात आठवेना. त्या सारख्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होत्या, ते आठवत होतं. म्हणून छत्री कोरी ठेवली आणि सगळा रंग पावलांपाशी आणला. पान एकतीस. वहीतलं दुसऱ्या क्रमांकाचं आवडतं.

११ ऑक्टोबर

काचेवरचा कागद काढला, पुठ्ठा सोलला. बहुतेक पट्टे दोन्हीकडे सारखे. झगझगीत गुलाबी मात्र उघड्या बाजूला निम्मा उडालाय. असे चमकते रंग बहुधा उन्हात न टिकणाऱ्या रंजकांचे असतात. वही मिटलेली राहते, म्हणून वहीत तो वापरत राहीन. भिंतीवर लावायच्या चित्रात नाही.

१६ ऑक्टोबर

चाळिसावं पान. पुन्हा खुर्ची, पुन्हा संध्याकाळ, यावेळी दिवा लावून. कोपऱ्यातलं वाक्य: 'बाबा उठून गेले तरी उशीला त्यांच्या पाठीचा खळगा होता.'

जवळजवळ सगळं पान करडं केलं, लाल आणि मोरपिशी मिसळून आलेला करडा. खळग्याला मोरपिशी, पट्टीवर तिसऱ्या घराचा. लाल फक्त खुर्चीच्या मागच्या पायामागे, बोटभर. बाकी काही नाही. शेवटचा हात वाळेपर्यंत अंधारून आलं.

बाबा आत आले, वही खिडकीकडे धरली आणि म्हणाले, "दिवा घालव बरं जरा."

घालवला. लाल आधी गेला, मग भिंत, मग पाय. उशीतला खळगा तेवढा उजळत राहिला. बाबा खुर्चीत टेकले, वही मांडीवर उघडीच ठेवून, आणि तोही दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं बसून होतो.